न उचललेले वजन

लोखंडाचा बार डोक्यावर न जाता अर्ध्या वाटेवरून खाली पडतो, तेव्हा आवाज दोनदा होतो. पहिला तो आदळल्याचा आणि दुसरा उसळून पुन्हा टेकल्याचा. या दोन आवाजांच्या मध्ये उचलणाऱ्याच्या मनात जे घडते, त्याविषयी मला तुम्हाला काही सांगायचे आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी असा बार कधी हाती धरला नसेल. नोकरी, शेत, दुकान आणि घर सांभाळून रात्री उशिरा ही पुस्तिका उघडणारे तुम्ही. तुमचे ओझे वेगळ्या जातीचे आहे. मीही वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पतसंस्थेतील लिपिकाची नोकरी करता करता, अशाच पुस्तिका पुढे घेऊन बसले होते. तेव्हा आपण एकमेकांना अगदीच परके नाही.

मी सांगलीची. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानावर हमाल होते. संध्याकाळी ते घरी येत तेव्हा त्यांचे केस, नखे आणि कानांच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या असत. आई उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली भरून ठेवी. शेजारच्या बायका तिला चिडवीत, ‘तुमच्याकडं काय, रोजच हळद लागतीया.’ त्या काळी पोती शंभर शंभर किलोंची असत. आबा ती पाठीवर घेऊन फळीवरून चढत आणि थप्पीवर रचत. वजन उचलणे ही आमच्या घरात खेळाची गोष्ट नव्हती. मी तिचा खेळ केला, याचे आबांना शेवटपर्यंत थोडे हसू येत राहिले.

गल्लीच्या टोकाला एक जुनी तालीम होती. कुस्ती खेळणारी मुले कमी होत गेली तशी हौद्यातली माती कडक झाली. मग वस्तादांनी त्यावर जाड फळ्या टाकून वजन उचलण्याचा ओटा तयार केला. वस्ताद साखर कारखान्यात टर्नर होते. सकाळी साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर ते तालमीत असत. बार एकच होता, तोही पुरुषांचा, वीस किलोंचा. स्त्रियांचा बार पंधरा किलोंचा आणि थोडा बारीक असतो, हे मला पहिल्या स्पर्धेत कळले. तो हातात घेतल्यावर मला कोणीतरी खेळणे दिल्यासारखे वाटले होते. आमच्या प्लेटा लोखंडी होत्या. त्या आदळून फळ्या फुटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना ट्रकचे जुने टायर ठेवलेले असत. मुले बारा आणि मुली चार. मी त्या चौघींत वयाने सर्वांत मोठी होते.

या खेळात प्रकार दोनच. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घ्यायचा आणि मग वर ढकलायचा. स्पर्धेत प्रत्येक प्रकाराला तीन संधी मिळतात आणि दोन्हींतील सर्वोत्तम वजनांची बेरीज धरतात. एका प्रकारात तिन्ही संधी गेल्या, तर बेरीजच होत नाही. वृत्तपत्रे याला भारोत्तोलन म्हणतात. तालमीत हा शब्द मी कधी ऐकला नाही. आम्ही म्हणत असू, ‘लिफ्ट झाली’ किंवा ‘लिफ्ट गेली’. मराठीत माणूसही ‘गेला’ असेच आपण म्हणतो, ही गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा, भाषेचा अभ्यास करताना आली.

स्नॅचचा एक स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचे तुम्हाला समजणार नाही. बार जमिनीवरून सुटल्यापासून उचलणारा त्याच्याखाली शिरेपर्यंत एखादा सेकंद जातो, जास्त नाही. या वेळात विचार करता येत नाही. पाय, कंबर, खांदे यांनी आपापले काम ठरल्या क्रमाने करायचे असते. तिथे विचार शिरला की हात आधी वाकतात, नाहीतर टाचा लवकर उचलतात आणि बार पुढे जातो. ‘आता पडेल’ हा विचार बार पाडायला पुरेसा असतो. म्हणून या खेळातला वाईट दिवस केवळ स्नायूंचा राहत नाही. पहिली लिफ्ट कदाचित शरीरामुळे जाते; दुसरी आणि तिसरी पहिलीच्या आठवणीमुळे.

१९ सप्टेंबर २००० रोजी सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये कर्णम मल्लेश्वरींनी ६९ किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्नॅच ११०, क्लीन अँड जर्क १३०, एकूण २४० किलो. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. शेवटच्या संधीत त्यांनी सुवर्णासाठी १३७.५ किलोंना हात घातला होता आणि ती लिफ्ट गेली होती. तालमीत पदकाचे पेढे वाटले. त्या गेलेल्या लिफ्टविषयी कोणी बोलले नाही. मी सतरा वर्षांची होते. मला वाटले, एवढे मोठे वजन उचलणाऱ्या बाईचे रोजचे दिवस सगळे चांगलेच जात असतील.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली, १२ जुलै २००१ची संध्याकाळ. मी ५३ किलो गटात होते आणि माझी सर्वोत्तम स्नॅच साडेबासष्ट किलोंची होती. वस्तादांनी त्या दिवशी पंचावन्न किलोंच्या सहा लिफ्ट सांगितल्या होत्या. दोन दोनच्या तीन फेऱ्या. पंचावन्न माझ्यासाठी काही विशेष नव्हते. त्या दिवशी वस्तादांना कारखान्यात पाळी बदलून मिळाली नव्हती. ‘वहीत लिहून ठेव, रविवारी बघतो’ असा निरोप पाठवून ते कामावर गेले होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता. हात इतके दमट होते की खडूची भुकटी तळव्यावर धरत नव्हती.

पहिली लिफ्ट झाली, पण जड झाली. दुसरी पुढे पडली. मी हसले. तिसरीही पुढे पडली. मग हसू आले नाही. कोपऱ्यात बैठका मारणाऱ्या एका मुलाने मोजणे थांबवून माझ्याकडे पाहिले, किंवा त्याने पाहिले असे मला वाटले. चौथी झाली. पाचवी आणि सहावी गेल्या. सहापैकी दोन. पोटात एक थंड गोळा बसला. सांगण्यासारखे दुःख असते तर मी रडले असते; पण ही तशी गोष्ट नव्हती. ज्या वजनाला मी महिनाभर ‘हलके’ म्हणत होते, त्याने मला ओळख दाखवली नव्हती. मनात आलेले पहिले वाक्य ‘आज जमत नाही’ असे नव्हते. ते होते, ‘म्हणजे ते साडेबासष्ट चुकून झाले होते.’

या वाक्यापाशी थोडे थांबू या. एका वाईट संध्याकाळीने केवळ ती संध्याकाळ नेली असती तर काही बिघडत नव्हते. पण ती मागे जाऊन आधीचे चांगले दिवसही खोटे ठरवू लागते आणि पुढचे दिवसही ताब्यात घेते. एका संध्याकाळीच्या चार लिफ्टवरून मी स्वतःविषयी संपूर्ण निकाल देऊन मोकळी झाले होते. तुमच्यापैकी कोणी एखाद्या रात्री एकच परिच्छेद चार वेळा वाचूनही न कळल्यावर ‘आपले वय आता शिकण्याचे राहिले नाही’ असे म्हणून पुस्तक मिटले असेल, तर हा निकाल कसा लागतो हे त्यांना ठाऊक आहे.

मग मी वही उघडली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. तिच्यात तारीख, प्रकार, वजन, किती वेळा, असे रकाने मी पट्टीने आखले होते. त्या दिवसाच्या ओळीत मी लिहिले: स्नॅच, ५५, दोन, दोन, दोन.

हे लिहिताना मला आपण खोटे बोलत आहोत असे फारसे वाटले नाही, हे मला तुमच्यापाशी कबूल करायचे आहे. मी स्वतःला सांगितले की एरवी हे होतेच, उद्या होईलच, मग एका ओल्या संध्याकाळीची नोंद वहीत कशाला राहायला हवी? वाईट दिवसाची लाज अशी सौम्य भाषेत बोलते.

रविवारी वस्तादांनी वही पाहिली आणि मान हलवली. सगळ्या सहा झाल्या, म्हणजे अंग तयार आहे. पुढच्या आठवड्यात त्यांनी साडेसत्तावन्न लावले. तेव्हा स्पर्धेतही वजन अडीच किलोंच्या पटीतच वाढवीत. आजच्यासारखा एक किलोचा टप्पा नव्हता. साडेसत्तावन्नच्या काही लिफ्ट झाल्या, काही गेल्या. मी सांगितले की उन्हाळी लागल्यासारखे झाले आहे, झोप झाली नाही. खरे कारण आता सांगता येत नव्हते, कारण ते वहीत नव्हते. ३ ऑगस्टला, राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर असताना, साठ किलो लागले. पहिली लिफ्ट गेली. वस्ताद म्हणाले, ‘पुरे आज.’ मी म्हणाले, ‘एकच, वस्ताद.’ माझ्या आवाजात त्यांना जिद्द ऐकू आली असणार. तो राग होता. बार वर गेला, थोडा जास्तच मागे गेला, आणि मी तो सोडायला हवा होता त्या क्षणी सोडला नाही. उजव्या कोपराचा सांधा निखळला.

तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. राज्य स्पर्धा झाली, आमच्या तालमीतला एक मुलगा पदक घेऊन आला, आणि माझ्या घरी जी आशा होती, की पोरगी खेळाच्या जोरावर कुठेतरी नोकरीला लागेल, तिच्याविषयी बोलणे बंद झाले.

प्लास्टरच्या दिवसांत एकदा आबा जेवून ओट्यावर बसले होते. मी त्यांना विचारले, ‘आबा, तुम्हाला असं कधी हुतं का? रोजचं पोतं, पण उचलत नाही, असं?’

‘हुतंय की,’ ते म्हणाले. ‘पोतं शंभराचंच असतंय गं. कमी-जास्त आपण हुतोय.’

‘मग त्या दिवशी काय करता?’

‘थप्पीच्या वरच्या थराला जात न्हाई. खालच्या थराला लागतोय. जोडीदाराला सांगतोय, आज तू वर जा.’

‘सांगायला लाज नाही वाटत?’

आबांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. ‘लाज वाटली म्हणून न सांगता फळीवर चढलो आन पाय सरकला, तर पोतं त्याच्या अंगावर जाईल की.’

एवढे बोलून ते चुना-तंबाखू मळू लागले. मी वहीविषयी त्यांना काही सांगितले नाही. मात्र त्या रात्री मला एक फरक नीट दिसला. आबांच्या धंद्यात वाईट दिवस येतो हे गृहीतच होते. त्यासाठी थराची अदलाबदल करण्याची रीत होती, आणि ती सांगण्यासाठी एक माणूस शेजारी होता. मी मात्र वाईट दिवस हा गुन्हा धरला होता आणि गुन्ह्यासारखाच तो लपवला होता.

पोते जोडीदाराच्या अंगावर कसे जाते, हे मला पुढच्या वर्षी कळले. माझ्या अपघाताचा दोष वस्तादांनी स्वतःकडे घेतला. मुलीच्या अंगाला झेपेल त्याहून जास्त आपण लावले, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यानंतर ते मुलींना वजन वाढवून देईनात. उरलेल्या तिघींपैकी दोघी माझ्यापेक्षा गुणी होत्या. त्या महिनोन्महिने तेच चाळीस आणि पंचेचाळीस किलो उचलत राहिल्या. शेजारची मुले मात्र पुढे जात राहिली. वर्षभरात त्या दोघींनी तालीम सोडली. एकीचे लग्न झाले, दुसरीने शिवणाचे यंत्र घेतले. कदाचित एरवीही हेच झाले असते. पण मला तसे म्हणून सुटता आलेले नाही.

त्यानंतरच्या वर्षांत या खेळाविषयी जे वाचायला मिळाले ते मी वाचले. वाईट दिवस का येतो, याची बरीचशी कारणे साधी आहेत. सराव माणसाला लगेच बळकट करीत नाही; आधी तो थकवतो. दोन-तीन आठवडे जड काम केले की शक्ती आतून वाढत असते, पण तिच्यावर थकव्याची चादर पडलेली असते. म्हणून ज्या काळात माणूस सर्वांत जास्त कमावत असतो, नेमक्या त्याच काळात तो स्वतःला सर्वांत दुबळा वाटू शकतो. विश्रांती मिळाली की थकवा उतरतो आणि खालची शक्ती दिसू लागते. स्पर्धेपूर्वी वजन हलके करतात ते याचसाठी. शिवाय झोप आहे, जेवण आहे, वजनाच्या गटात बसण्यासाठी मारलेली भूक आहे. मासिक पाळीचा काहींना त्रास होतो, काहींना जाणवतही नाही. पण आमच्या काळी वस्तादांना ते विचारता येत नव्हते आणि आम्हाला सांगता येत नव्हते. आणि घर आहे. आईशी भांडून आलेली मुलगी बारपाशी एकटी येत नाही.

१२ जुलैच्या संध्याकाळी मी सलग तिसऱ्या आठवड्याच्या जड सरावात होते, हे वहीची आधीची पाने पाहिली तर कोणालाही दिसेल. चार लिफ्ट जाणे अगदी साहजिक होते. ती ओळ खरी लिहिली असती तर वस्तादांनी ती वाचून मला आठवडाभर हलके काम दिले असते, बस्स. त्यांना तेवढे ज्ञान होते. मी त्यांना माहिती दिली नव्हती.

मीराबाई चानू यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ४८ किलो गटात त्यांच्या सहा प्रयत्नांपैकी एकच यशस्वी झाला. क्लीन अँड जर्कच्या तिन्ही संधी गेल्या आणि नावापुढे बेरीजच लागली नाही. पुढच्याच वर्षी त्या १९४ किलो उचलून जगज्जेत्या झाल्या आणि २४ जुलै २०२१ रोजी टोकियोत २०२ किलोंसह रौप्यपदक मिळवले. ही गोष्ट सांगितली जाते ती बहुधा येथपर्यंत. व्याख्यानांतून ती मी अनेकदा ऐकली आहे आणि दर वेळी थोडी अस्वस्थ झाले आहे. कारण अशी सांगितली की वाईट दिवस हा पदकाची प्रस्तावना ठरतो. वस्तुतः २०२४मध्ये पॅरिसला मीराबाईंनी १९९ किलो उचलले आणि कांस्यपदक एका किलोने हुकले. त्या चौथ्या आल्या. त्या दिवसाला कोणत्या पदकाची प्रस्तावना म्हणायचे? बहुतेक वाईट दिवस कशाचीच प्रस्तावना नसतात. ते येतात, जातात, आणि त्यांच्या बदल्यात काही मिळेलच असा करार कोणी केलेला नसतो. हे मान्य केले की उलट थोडे हायसे वाटते, असा माझा अनुभव आहे.

३० जुलै २०२२ रोजी आमची सांगली दूरचित्रवाणीसमोर बसली होती. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात संकेत सरगर उतरला होता. पानाची टपरी चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा, आमच्या गावचा. स्नॅचमध्ये त्याने ११३ उचलले, क्लीन अँड जर्कमध्ये पहिल्या संधीत १३५. मग १३९ लावले. त्या दुसऱ्या प्रयत्नात त्याच्या उजव्या कोपराला दुखापत झाली. मी खुर्चीवरच माझा उजवा कोपर डाव्या हाताने धरला. एकवीस वर्षांनंतरही हाताने तेवढे आपण होऊन केले. संकेत तिसऱ्या प्रयत्नाला पुन्हा आला. तीही लिफ्ट गेली. एकूण २४८, मलेशियाच्या खेळाडूने २४९ उचलून सुवर्ण नेले. गावात फटाके वाजले, ते योग्यच होते. त्याने तिसऱ्यांदा यावे की नाही, यावर आमच्या पतसंस्थेत दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मोठा वाद झाला. मला कोणीही विचारले नाही आणि मीही काही बोलले नाही. ऑलिंपिक किंवा राष्ट्रकुलचा ओटा आणि गुरुवारची ओली संध्याकाळ यांत अंतर आहे. चार वर्षांतून एकदा येणाऱ्या दिवशी माणूस जे पणाला लावतो, ते सरावाच्या दिवशी पणाला लावणे हा निव्वळ हिशेबाचा घोटाळा आहे. मी तो केला होता, संकेतने नाही.

वस्तादांना मी खरे सांगितले ते २००७च्या दिवाळीत. मधल्या सहा वर्षांत मी अनेकदा त्यांच्या दारापर्यंत गेले होते. ते निवृत्त झाले होते, गुडघे गेले होते, तालीम दुसरेच कोणी उघडीत होते. मी फराळाच्या डब्याबरोबर ती वही नेली आणि १२ जुलैचे पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले. ‘वस्ताद, हे खोटं आहे. सहापैकी दोनच झाल्या होत्या.’

ते रागावतील अशी माझी तयारी होती. ‘मला तेव्हाच कळले होते’ असे म्हणतील, अशीही एक भाबडी आशा होती. तसे काही झाले नाही. त्यांना खरोखरच माहीत नव्हते. त्यांनी चष्मा लावला, ती ओळ वाचली, पुढची पाने उलटली, साडेसत्तावन्न, साठ, आणि मग कोरे पान. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग नातवाच्या दप्तरातली पेन्सिल मागवून घेतली. ‘दोन, दोन, दोन’वर त्यांनी आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिले, ‘एक, एक, शून्य’. फेऱ्यांचा हिशेब त्यांनी मला विचारून घेतला होता. वही परत देताना ते म्हणाले, ‘त्या दोघींना उगीच दाबून ठेवलं गं मी.’

त्यांनी मला क्षमा केली की नाही, मी सांगू शकत नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

आज मी त्याच तालमीत सकाळी मुलींना शिकवते. आता पंधरा किलोंचा बार आहे, रबरी प्लेटा आहेत, टायर केव्हाच गेले. वाईट दिवसावर माझ्याकडे औषध नाही; काही सवयी आहेत, त्या तुम्हाला सांगते. नुसत्या बारवरच दिवस कळू लागतो. तो हाताला जड लागला, तर मी मुलीला विचारते, ‘किती वाजता झोपलीस?’ उत्तर काहीही आले तरी पाहिली एक-दोन वजने चढवून बघतो. कारण कित्येकदा सुरुवातीला जड वाटलेला दिवस पुढे उघडतो, आणि केवळ वाटण्यावर विश्वास ठेवून घरी जाणे हीही एक चूकच आहे. ठरलेल्या वजनाला दोनदा लिफ्ट गेली की मात्र तिसरी नाही. तिथून पाचवा हिस्सा वजन उतरवायचे आणि त्यावर तीन स्वच्छ लिफ्ट करायच्या. मन शेवटच्या लिफ्टची आठवण घेऊन घरी जाते, म्हणून ती झालेली असावी, एवढाच त्यामागे हेतू आहे. आबांच्या खालच्या थराचीच ही रीत. फक्त तिला आम्ही टक्केवारी लावली आहे.

सर्वांत अवघड असते ते त्यानंतरचे. ओट्यावरून उतरल्यावर मुली स्वतःशी जे बोलतात, ते मला ऐकू येते. ‘मी बेकार आहे’ असे कोणी म्हणाले की मी वाक्य दुरुस्त करायला लावते, भाषेच्या शिक्षकासारखे: कर्ता बदल. ‘मी’ नको. ‘आज पन्नास किलोंच्या तीन लिफ्ट गेल्या’ असे म्हण. मुली हसतात, ताईंनी बीए केल्यापासून व्याकरणच जास्त शिकवतात, असे त्यांचे मत आहे. पण या दुरुस्तीने जे वाक्य उरते ते निदान खरे असते, आणि खऱ्या वाक्याबरोबर रात्र काढता येते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी माझा एक पेपर राहिला होता, तेव्हा मी स्वतःवर हाच प्रयोग केला होता. पहिले चार दिवस तो मुळीच लागू पडला नाही, हेही सांगून ठेवते.

आणि वही. प्रत्येकीची असते. झालेल्या लिफ्टला बरोबरची खूण, गेलेल्या लिफ्टला फुली. समासात लाल टिंब दिले की मी काही विचारत नाही, त्या दिवसाचे काम आपण होऊन हलके करते. शेवटी एक रकाना आहे, ‘कारण’.

गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीच्या सहापैकी पाच लिफ्ट गेल्या. झोप झाली होती, जेवण झाले होते, आठवडा हलका होता, घरी सगळे ठीक होते. वजन उतरवून तीन स्वच्छ लिफ्ट करायला लावल्या, तर त्यांतलीही एक गेली. ती फळीवर वही घेऊन बसली आणि एकेक फुली मारू लागली. शेवटच्या रकान्यापाशी तिचे पेन थांबले.

‘ताई, हितं काय लिहू?’

मी तिची आधीची पाने चाळली. मला काही सापडले नाही. तसे तिला सांगितले. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग तो रकाना कोराच ठेवून वही मिटली, आणि शाळेची वेळ झाली म्हणून प्लेटा उचलून जागेवर लावू लागली.